झाडं मोजली, माती राहिली

1885 साली बर्लिनच्या कृषी महाविद्यालयातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक आल्बर्ट बर्नहार्ड फ्रांक यांच्याकडे प्रशियाच्या सरकारने दिलेलं एक काम होतं. ट्रफल ही जमिनीखाली वाढणारी महागडी अळंबी तिथल्या जंगलांत पिकवता येईल का, हे त्यांनी शोधायचं होतं. ट्रफलची शेती काही उभी राहिली नाही. पण ओक, बीच, हेझल यांची मुळं उकरून पाहताना फ्रांक यांना वेगळंच काही दिसलं. या झाडांच्या बारीक मुळांची टोकं बुरशीच्या आवरणात गुंडाळलेली होती आणि तरीही झाडं धडधाकट होती. बुरशी म्हणजे रोग, असं मानण्याचा तो काळ. फ्रांक यांनी मांडलं की ही बुरशी झाडाला मातीतून पाणी आणि अन्न आणून देते. या जोडीला त्यांनी मायकोरायझा हे नाव दिलं.

वनवृक्षांच्या रोगांचे त्या काळचे सर्वांत मोठे जाणकार रॉबर्ट हार्टिग यांनी हे म्हणणं फेटाळलं. फ्रांक यांनी उत्तर प्रयोगातून दिलं. पाइनची काही रोपं जंगलातल्या जिवंत मातीत, तर काही तापवून निर्जंतुक केलेल्या त्याच मातीत वाढवली. जिवंत मातीतली रोपं जोमाने वाढली.

हा इतिहास आपल्यापासून दूरचा वाटेल, पण तसा तो नाही. भारताच्या वनखात्याची घडी बसवली ती बॉनहून आलेल्या डीट्रिख ब्रँडिस या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने. 1856 मध्ये ब्रह्मदेशातल्या पेगूच्या सागवनांची व्यवस्था त्यांच्याकडे आली आणि त्यांनी झाडांची घेरानुसार मोजणी सुरू केली. 1864 मध्ये ते भारताचे पहिले वनमहानिरीक्षक झाले. बेसुमार तोडीला लगाम घालायचा तर उभी झाडं मोजणं गरजेचंच होतं, आणि ब्रँडिस यांचं ते ऋण नाकारता येणार नाही. मात्र त्या मोजणीतून जंगल म्हणजे झाडांची संख्या, ही समजूत खात्यात मुरली. फ्रांक यांचा शोध त्यानंतर वीसेक वर्षांनी आला. तोवर नोंदवह्यांचे रकाने ठरून गेले होते आणि त्यांत मातीला जागा नव्हती.

मातीतल्या या भागीदारीकडे वनाधिकाऱ्यांचं लक्ष गेलं ते रोपं मरू लागल्यावरच. पश्चिम ऑस्ट्रेलियात परदेशी पाइनची रोपं वाफ्यातच पिवळी पडत होती. सुदृढ पाइनखालची माती वाफ्यांत मिसळली की ती सावरतात, हे तिथले वनप्रमुख केसेल यांनी 1927 मध्ये नोंदवलं. प्वेर्तो रिकोत पाइन लावण्याचे प्रयत्न वर्षानुवर्षं फसत राहिले. 1950 च्या दशकात अमेरिकेच्या मुख्य भूमीवरच्या पाइनवनातली माती तिथे नेली, तेव्हा झाडांनी मूळ धरलं. बी चांगलं होतं, पाऊस पुरेसा होता. पाइनच्या सोबतीची बुरशी तेवढी त्या मातीत नव्हती.

ही सोबत किती जुनी असावी? स्कॉटलंडमधल्या रायनी गावाजवळच्या चर्ट खडकात सुमारे 40 कोटी 70 लाख वर्षांपूर्वीच्या वनस्पती पेशींसकट टिकून राहिल्या आहेत. त्यांना खरी मुळं फुटलेली नव्हती, तरी त्यांच्या पेशींत बुरशीच्या झाडासारख्या फांद्या फुटलेल्या आहेत. आजच्या बहुसंख्य झाडांच्या मुळांत दिसतात तशाच. मुळं नंतर आली, भागीदारी आधीपासून होती.

तिचं कारण जमिनीच्या रसायनात आहे. फॉस्फरस मातीच्या कणांना घट्ट चिकटून राहतो. मुळाभोवतीचा एखाद-दोन मिलिमीटरचा पट्टा लवकर रिकामा होतो आणि पुढचा साठा मुळाच्या आवाक्यात नसतो. केसाहून कितीतरी बारीक असलेले बुरशीचे तंतू त्या पट्ट्यापलीकडे, मूळ शिरू शकणार नाही अशा फटींत पोहोचतात. मोबदल्यात झाड पानांत तयार झालेल्या अन्नाचा साधारण 4 ते 20 टक्के वाटा बुरशीला देतं. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत लोह आणि ॲल्युमिनियम फॉस्फरसला जखडून ठेवतात. तिथे ही देवाणघेवाण झाडाच्या जगण्याचा आधार ठरते.

इथे एक सावधगिरी हवी. 1997 मध्ये सुझान सिमार्ड आणि सहकाऱ्यांनी कॅनडातल्या जंगलात बर्च आणि डग्लस फर यांच्यात कार्बनची ये-जा होते, असं दाखवलं. त्यावरून आईझाड आपल्या पिलांना बुरशीच्या जाळ्यातून खाऊ घालतं, अशी गोष्ट जगभर पसरली. 2023 मध्ये तीन शास्त्रज्ञांनी या दाव्यांची छाननी केली आणि त्यांना दुजोरा देणारा जंगलातला पुरावा तोकडा असल्याचं लिहिलं. त्यांतल्या मेलनी जोन्स 1997 च्या संशोधनातही सहभागी होत्या. या गोष्टीचा मोह सोडला तरी मूळ सत्य ढळत नाही. झाड आणि त्याच्या मुळातली बुरशी यांची भागीदारी भक्कम पुराव्यावर उभी आहे, आणि धोरण बदलायला तेवढं पुरेसं आहे.

कारण आपलं धोरण अजून ब्रँडिस यांच्याच रकान्यांत अडकलं आहे. महाराष्ट्राने 2019 साठी 33 कोटी रोपांचं लक्ष्य ठेवलं होतं. धरणासाठी, खाणीसाठी, रस्त्यासाठी जंगल गेलं की पर्यायी वनीकरण दाखवलं जातं आणि त्याचा हिशेब हेक्टर आणि रोपांत होतो. सह्याद्रीतल्या जुन्या जंगलाच्या बदल्यात मुरमाड माळावर खड्डे घेऊन प्लास्टिकच्या पिशवीतली रोपं लावली, तर कागदावर भरपाई पूर्ण होते. तोडलेल्या जंगलाबरोबर त्याच्या मातीतली बुरशी गेली, याची नोंद कुठेच होत नाही. गोव्यात लोहखाणींच्या ढिगाऱ्यांवर उगवलेल्या झाडांच्या मुळांतली बुरशी तिथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी तपासली आहे. आपल्याकडे ज्ञान आहे. ते मंजुरीच्या फायलीपर्यंत पोहोचत नाही.

ते पोहोचवायचं तर काही गोष्टी लगेच करता येतील. रोपवाटिकेत त्याच भागातल्या जंगलाची ओंजळभर माती मिसळावी आणि फॉस्फेटचा मारा कमी करावा, कारण आयता फॉस्फरस मिळाला की झाड बुरशीला जवळ करत नाही. खोदकाम होणार असेल तिथला वरचा मातीचा थर आधी वेगळा काढून जपावा. जिथे खोडं आणि मुळं अजून जिवंत आहेत, तिथे नवे खड्डे न घेता चराई आणि वणव्यापासून राखण करावी. तिथलं जंगल आपल्याच मातीतून पुन्हा उठतं. लागवडीचा हिशेब पहिल्या पावसाळ्यात न मिटवता निदान पाच वर्षांनी, मुळं आणि माती तपासून करावा. आणि देवराया तसंच जुनी वनं बदल्यात देता येणारी जमीन मानूच नयेत. आसपासची उजाड माती पुन्हा सजीव करायला लागणारी बुरशी त्यांच्याच मातीत शिल्लक आहे.

फ्रांक यांचा निबंध येऊन आता 140 वर्षं झाली आहेत. एवढ्या काळात सिद्ध झालेली गोष्ट वनकायद्याच्या एका रकान्यात यायला आणखी उशीर होऊ नये. पुढच्या प्रत्येक मंजुरीत किती झाडं जाणार याच्या शेजारी किती जुनी माती जाणार, हेही लिहिणं सक्तीचं करा.