बिनतारी जाळें : दवंडी कीं टपाल ?

शेतकऱ्यास इंटरनेट हवें कशाला, हा प्रश्न आतां उरलेला नाहीं. सात-बाराचा उतारा संगणकावरून मिळतो, आणि १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाल्यामुळें पिकाची नोंदही खातेदारानें स्वतः मोबाइलवरून करावयाची असते. मुदत टळली तर नुकसान खातेदाराचेंच. म्हणून नेरे, मालडुंगे, धोदाणी अशा माथेरानच्या पायथ्याकडील गांवांस बिनतारी जोडणी द्यावयाची झाल्यास ती कोणत्या बांधणीची असावी, हा विचार पनवेलच्या खातेदारांनीं केवळ जोडणी देणाऱ्यावर सोडूं नये, असें आम्हांस वाटतें.

ऑक्टोबर २०१८ मध्यें सरकारनें ५ गिगाहर्ट्झच्या लहरींचा मोठा पट्टा परवान्यांतून मोकळा केला. सेवेची परवानगी मात्र लागतेच. अशा जाळ्याच्या बांधण्या दोन : ब्रिज व राउट. आम्हीं जन्मभर महसुली कचेरींत कारकुनी केली, म्हणून तेथलाच दाखला देतों. ब्रिज पद्धतींत सर्व मनोरे मिळून एकच गांव. एका यंत्रास दुसऱ्याचा ठिकाणा हवा असला कीं गांवभर दवंडी पिटली जाते. राउट पद्धतींत प्रत्येक मनोरा ही स्वतंत्र सजा. तिची दवंडी तिच्या शिवेबाहेर जात नाहीं. बाहेरचा कागद टपालाप्रमाणें पत्ता वाचूनच पुढें रवाना होतो.

ब्रिज पद्धतीचे गुण नाकारण्यांत अर्थ नाहीं. ती मांडण्यास सोपी. ग्राहक एका मनोऱ्यावरून दुसऱ्यावर गेला तरी त्याचा पत्ता बदलत नाहीं. सजा पाडतांना पत्तेही वायां जातात. चार पत्त्यांच्या गटांत सामान्यतः दोनच कामास येतात. वीस-तीस घरांस एकच मनोरा पुरत असेल, तर आम्हीही ब्रिजच सुचवूं.

पण घरें वाढलीं कीं दवंड्याही वाढतात. ती दूरच्या घरींही ऐकूं जावी म्हणून बहुधा मंद वेगानें पाठविली जाते, आणि तेवढा वेळ त्या लहरीवरील इतरांस गप्प बसावें लागतें. कोणी घरची पेटी उलटी जोडली आणि तसा बंदोबस्त केलेला नसला, तर ती पेटी साऱ्या जाळ्यांत भलतेच पत्ते वांटूं लागते. अडीअडचणीसाठीं मनोऱ्यांस दुसरी वाट जोडावी, तर दवंडी त्या चक्रांत फिरत राहून जाळें गुदमरतें. यावर १९८५ सालीं राडिया पर्लमन या विदुषींनीं स्पॅनिंग ट्री नांवाची युक्ति काढली. परंतु ती जादा वाट बंद ठेवूनच काम करते. खर्च दोन वाटांचा, उपयोग एकीचा ! राउट पद्धतींत दोन्ही वाटा कामीं लावतां येतात, आणि एक तुटल्यास टपाल आपण होऊन दुसरीनें जातें.

खाडीकांठीं खारभूमि कसणारांस हें तत्त्व नवें नाहीं. बाहेरचा एकच बांध असला तर एका खांडानें सर्वांचीं शेतें खारीं होतात. आंत बांध घातलेले असले तर पाणी तेथेंच अडतें. आंतल्या बांधास माती व मजुरी लागते, तरी शहाणा शेतकरी तो घालतो.

राउट पद्धतीस जाणता माणूस व नीट ठेवलेली पत्त्यांची वही लागते, हा आक्षेप खरा. पण जो वही ठेवूं शकत नाहीं, त्याच्या हातीं शेंकडों घरांची जोडणी देणेंच मुळीं धोक्याचें. पत्त्यांच्या टंचाईवर खासगी पत्ते व आयपीव्ही ६ हे उपाय आहेत.

तेव्हां पैसे भरण्यापूर्वीं खातेदारांनीं इतकेंच विचारावें : एका वाडींतला बिघाड दुसऱ्या वाडींत पोंचतो काय ? आणि एक मनोरा पडला तर दुसरी वाट कोणती ? मनोरे दोनांहून अधिक असूनही याचें सरळ उत्तर मिळत नसेल, तर घाई करूं नये. बांध भरतीपूर्वीं पाहावा, हेंच शहाणपणाचें.