बंदुका मोजून झाल्या, झोपेचं काय?

गडचिरोली : १५ ऑक्टोबर २०२५ रोजी मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती यानं ६० साथीदारांसह मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्रं खाली ठेवली. त्याच वर्षी १ जानेवारीला त्याची पत्नी तारक्का दहा जणांसोबत शरण आली होती. कोणावर किती बक्षीस होतं, किती बंदुका जमा झाल्या, हे आता जिल्ह्यात चहाटपरीवरसुद्धा पाठ आहे. पण बंदूक खाली ठेवलेल्या माणसाला रात्री झोप लागते का, हा प्रश्न बातमीत येत नाही.

माओवादी पक्ष २००९ पासून केंद्राच्या दहशतवादी संघटनांच्या यादीत आहे. त्यामुळे "त्यांच्या मनाचं कशाला बोलता, त्यांनी मारलेल्यांचं बोला" असं कोणी म्हणेल. बोलायलाच पाहिजे, आणि खाली ते आहेच. पण २००५ पासून जिल्ह्यात सातशेच्या वर लोक शरण आले आहेत. ते इथंच राहतात, इथंच लग्न करतात, पोरं शाळेत घालतात. त्यांचं मन ठिकाणावर असणं ही आता साऱ्या जिल्ह्याची गरज झाली आहे.

माणूस वेडा असतो म्हणून दलममध्ये जातो, असा एक समज आहे. तो खरा नाही. कोणी धाकानं गेलं, कोणी रागानं, कोणी गाण्या-नाचाच्या पथकामागं कोवळ्या वयात गेलं. मन बिघडतं ते तिथं राहून. आज इथं मुक्काम, उद्या तिथं, अर्धी रात्र पहारा. पान वाजलं तरी हात बंदुकीकडं. सोबतचा पडला तर त्याला तिथंच टाकून पळायचं, रडायला वेळ नाही. लग्न करायचं असेल तर आधी पुरुषाची नसबंदी. त्यामुळे शरण आल्यावर मूल हवं म्हणून काहींना उलट शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. आणि सगळ्यात जड ओझं म्हणजे 'खबरी' ठरवून मारलेला माणूस. तो बहुतेक वेळा आपल्याच भाषेचा, ओळखीच्या गावचा असतो.

अशा माणसाला डॉक्टरी भाषेत आघातोत्तर ताण म्हणतात. झोपेत दचकून उठणं, फटाक्यानं घाम फुटणं, बायको-पोरांवर विनाकारण भडकणं, गर्दीत भिंतीला पाठ लावून बसणं. गावात त्याला "बाहेरचं लागलं" म्हणतात, पुजाऱ्याकडं नेतात, नाहीतर मोहाची दारू आहेच. जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे, हे वेगळं सांगायला नको!

शरण येणं हासुद्धा एक घाव असतो. भूपतीनं चाळीसेक वर्षं जंगलात काढली. शस्त्र ठेवायची भाषा काढताच त्याच्याच पक्षातल्यांनी त्याला गद्दार ठरवलं. तो मोठा नेता, त्याचं नाव पेपरात येतं. पण अठराव्या वर्षी गेलेल्या आणि तिशीत परतलेल्या साध्या सदस्याला कोणतं काम येतं? बंदूक साफ करता येते, रात्री वाट काढता येते. धानाची रोवणी विसरलेली असते. जुने साथीदार सूड घेतील ही भीती, आणि गावात गेलं की ज्याचा भाऊ मारला त्याचं घर समोर.

सरकारी योजनेत रक्कम आहे, घर आहे, प्रशिक्षण आहे. कोनसरीच्या लोहप्रकल्पात काहींना नोकरीही मिळाली. हे चांगलंच आहे, यात वाद नाही. अडचण वेगळीच आहे. शरण आलेल्या माणसाचा सगळा संबंध पोलिसांशी. जो त्याची चौकशी करतो, त्याच्याचसमोर तो मन मोकळं कसं करणार? "मला त्या रात्रीचं स्वप्न पडतं" म्हटलं की पुढचा प्रश्न येईल, "कोणती रात्र, कोण कोण होतं?" मग माणूस गप्प बसतो. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात उपचार घेणाऱ्याला गोपनीयतेचा हक्क दिला आहे. तो खरा करायचा असेल तर ऐकणारा माणूस आरोग्य खात्याचा हवा, त्याला माडिया किंवा गोंडी यावी, आणि त्याची वही ठाण्यात जाता कामा नये. गुन्ह्याचा तपास पोलिसांनी करावा, तो थांबवा असं कोणी म्हणत नाही. फक्त दोन कामं एका टेबलावर नकोत.

आता दुसरी बाजू. १ मे २०१९ ला कुरखेडा तालुक्यात जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात १५ जवान आणि गाडीचा चालक गेला. अशा स्फोटांतून वाचलेले जवान ड्युटीवर परत जातात, आणि "मला भीती वाटते" असं वर्दीत बोलायची सोय नसते. खबरी म्हणून मारलेल्यांच्या घरच्यांचं त्याहून अवघड. त्यांच्या दारात फलक लावून बदनामी झाली, गावानं भीतीनं बोलणं टाकलं. त्यांना मदतीचा धनादेश मिळाला तरी माणूस खबरी नव्हता हे चारचौघांत सांगायला कोणी आलं नाही.

सरकारी मनोरुग्णालय गाठायचं तर नागपूर. भामरागडहून त्यासाठी एक दिवस जाण्यात आणि एक येण्यात जातो. १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फोन करून बोलता येतं, पण फोनला रेंज लागली पाहिजे. आशाताई महिन्याला घरोघरी जातातच. ताप-खोकल्याबरोबर "झोप येते का" हा एक प्रश्न त्यांच्या वहीत घातला, तर शरण आलेल्याचं आणि त्याच्या शेजारच्या विधवेचं, दोघांचंही नाव पहिल्यांदा एकाच यादीत येईल.