लिस्बन, दिघी आणि बेबिंकाचे थर

नैसर्गिक आपत्ती कोसळली की दोन प्रश्न उभे राहतात. हे का झाले, हा पहिला. आता काय करायचे, हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला ‘कोणाच्या पापामुळे?’ असे वळण लागले की दुसरा मागे पडतो. ख्रिस्ती परंपरेत या दोहोंचा झगडा फार जुना आहे, आणि किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणत्याही धर्माच्या माणसाने तो समजून घ्यावा असा आहे.

३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळले. राजपुरी खाडीच्या मुखाशी असलेल्या दिघीपासून दिवेआगर, श्रीवर्धनपर्यंत छपरे उडाली, नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. वाऱ्याच्या वाटेत देऊळ, मशीद, चर्च असा भेद नव्हता. अशा वेळी ‘देवाचा कोप’ हे शब्द किती सहज तोंडी येतात! दुःखाला अर्थ हवा असतो, आणि शिक्षा हा सर्वांत स्वस्त अर्थ असतो.

लूककृत शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात नेमका हाच प्रश्न आहे. शिलोह येथील बुरूज कोसळून अठरा माणसे मेली. ती इतरांहून अधिक अपराधी होती काय? येशूचे उत्तर नकारार्थी आहे. त्यापाठोपाठ ऐकणाऱ्यांना पश्चात्तापाची ताकीदही आहे, हे विसरून चालणार नाही. मात्र ती जिवंतांना आहे. मेलेल्यांवर आरोप ठेवण्याचा परवाना ती देत नाही.

असे असूनही चर्चच्या इतिहासात आरोपाचा स्वर पुन:पुन्हा उमटला. १ नोव्हेंबर १७५५ रोजी, सर्व संतांच्या सणादिवशी, भाविकांनी चर्च भरलेली असताना लिस्बन भूकंपाने, लाटांनी आणि आगीने उद्ध्वस्त झाले. मालाग्रिदा या जेझुइट धर्मगुरूने पुढच्या वर्षी पुस्तिका लिहून हा भूकंप निसर्गाचा नव्हे, पापांमुळे ओढवलेल्या ईश्वरी कोपाचा, असे प्रतिपादन केले. शहर नव्याने उभारू पाहणाऱ्या शासनाला ही शिकवण अडसर वाटली, यात नवल नाही. हा मोह केवळ ख्रिस्ती लोकांचा नव्हे. १९३४च्या बिहार भूकंपाला गांधीजींनी अस्पृश्यतेच्या पापाची शिक्षा म्हटले, तेव्हा रवींद्रनाथांनी जाहीर विरोध केला. हेतू कितीही उदात्त असला तरी तर्क तोच, आणि ढिगाऱ्याखाली दबलेल्या निरपराधांना त्यात जागा नाही.

याउलट पंडिता रमाबाई पाहा. १८७०च्या दशकातील दुष्काळात त्यांनी आईवडील आणि बहीण गमावली. १८९६-९७च्या दुष्काळात, आता ख्रिस्ती असलेल्या रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि तेथून आणलेल्या सुमारे तीनशे मुलींना त्यांनी आधार दिला; केडगावचे मुक्ती सदन या कामातून वाढले. दुष्काळात धर्मांतरे साधली, ही टीका त्यांच्यावर झाली. ती उडवून लावण्याजोगी नाही; उपाशी माणसाची संमती किती मोकळी, हा प्रश्न खराच आहे. तरीही कोणती मुलगी कोणत्या पापाने उपाशी, ही चौकशी न करता तिला आधी जेवू घालणे, ही कृती शिलोहच्या उत्तराशी अधिक इमान राखणारी आहे.

लिस्बनची एक निराळी आठवण गोव्याच्या स्वयंपाकघरात आहे. बेबिंकाचे सात थर लिस्बन आणि जुने गोवे यांच्या सात टेकड्यांसाठी, अशी आख्यायिका सांगतात. जुन्या गोव्यातील सांता मोनिका मठातील बेबियाना नावाच्या जोगिणीने तो प्रथम केला, असेही म्हणतात. खरेखोटे असो; कृती मात्र खरी आहे. नारळाचे घट्ट दूध, अंड्यांचे पिवळे बलक, साखर, थोडा मैदा, जायफळ. तुपाचा हात देऊन एक थर ओतायचा, वरून आच द्यायची, तो बसून तांबूस झाला की पुढचा. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात आणि सारे बिघडते. नाताळच्या या पदार्थाचा आधार म्हणजे नारळ, आपले श्रीफळ.

आणि नारळ वाडीतून येतो. आडव्या झालेल्या वाडीत आज रोप लावले तर उंच जातीच्या माडाला फळ धरायला सहासात वर्षे जातात. त्यात खड्डा, पाणी, खत, राखण, पुन्हा एखादे वादळ. प्रवचन एका रविवारी संपते. वाडीला तेवढ्यात काही होत नाही. म्हणून माझे मत असे की, आपत्तीविषयीच्या ख्रिस्ती मतांपैकी जपावे असे मत ते, जे ‘कोणाचे पाप?’ हा प्रश्न बाजूला ठेवून पुढच्या थरासाठी थांबायला आणि राबायला तयार होते. दिघीच्या किनाऱ्याला वादळे पुन्हा येणार. तेव्हा दोषी शोधणाऱ्यांहून रोपे आणि कौल घेऊन येणाऱ्यांची तेथे अधिक गरज असेल.