खंडेनवमीचा नारळ

दरवर्षी खंडेनवमीला आमचे अण्णा धुतलेला सदरा घालून कामावर जात. शेडमधल्या पॉवर प्रेसला हळद-कुंकू लागे, झेंडूचा हार पडे, मालक स्वतः नारळ फोडीत. पूजेत कशाचीच उणीव नसे. उणीव होती ती यंत्रापुढच्या जाळीची. ती कोपऱ्यात काढून ठेवलेली होती. कारण जाळी लावली की नग कमी निघतात!

2019 साली त्याच प्रेसने अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे घेतली. मी तेव्हा सातवीत होतो.

मालकांनी दवाखान्याचे बिल भरले, वर थोडे पैसे दिले आणि ‘अपघात माझ्याच निष्काळजीपणाने झाला, आता काही मागणे नाही’ अशा कागदावर डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला. अण्णांना सही येत होती. पण लेखणी धरणारी बोटेच उरली नव्हती. आम्ही सगळ्यांनी मालकांचे उपकार मानले. मीही मानले.

कॉलेजात आल्यावर ग्रंथालयात 1923 चा कामगार नुकसानभरपाईचा कायदा वाचला. अपघाताच्या वेळी तोच लागू होता. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची शक्ती 20 टक्के घटली असे त्यात धरलेले, आणि भरपाई पगार व वय पाहून ठरायची. नुसता निष्काळजीपणा हे ती नाकारण्याचे कारण नव्हते. हक्क सोडल्याचा करारनामाही त्या कायद्याने रद्दबातल ठरवला होता. मात्र दावा दोन वर्षांत करायचा होता. मी ते पान उघडले तेव्हा मुदत केव्हाच उलटली होती. म्हणजे ज्याला आम्ही उपकार समजलो, ते अर्धवट फेडलेले देणे होते!

ही मागणी काही आजची नाही. 1884 साली नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या सुमारे 5,500 गिरणी कामगारांच्या सह्यांचा अर्ज केला. जखमी कामगाराला बरा होईपर्यंत पूर्ण पगार आणि कायमचा अपंग झाल्यास उदरनिर्वाहाची सोय, असे त्यात मागितले होते.

कोणी म्हणेल, लहान मालकाला हे कसे परवडावे? प्रश्न रास्त आहे. आमचे मालक दुष्ट नव्हते. त्यांच्याकडून माल घेणारी मोठी कंपनी नगामागे पै-पैचा हिशेब करी. पण बोटे देऊन स्वस्त पडलेला नग खरोखर स्वस्त असतो काय? त्याची उरलेली किंमत कामगाराच्या घरातून वसूल होते. शिवाय जाळीचा खर्च एकदाच. अपघाताने मात्र काम थांबते, दावा उभा राहतो आणि कसबी माणूस कायमचा जातो.

21 नोव्हेंबर 2025 पासून जुन्या कायद्यांच्या जागी नव्या संहिता आल्या. पण कायदा पुस्तकात राहिला तर त्याचा कामगाराला काय उपयोग? मित्रहो, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. एक संध्याकाळ कामगार वस्तीत जाऊ या. न वाचता अंगठा देऊ नका, अपघाताची लेखी नोंद करून घ्या, दाव्याची मुदत चुकवू नका, एवढे तरी सांगू या. आपल्यापैकी अनेकांची फी याच हातांनी भरली आहे.

अण्णा आता रात्रपाळीचे पहारेकरी आहेत. मालकांना माझी एकच विनंती आहे. येत्या खंडेनवमीला नारळ जरूर फोडा. पण त्याआधी जाळी बसवा.

— द्वितीय वर्ष, कला