आदल्या रात्रीचे तारे

नोव्हेंबर अर्धा झाला की पेपरात बातमी येतेच, 'आज रात्री सिंह राशीतून उल्कावर्षाव'. ती वाचली की मला दरवर्षी थोडी लाज वाटते. का ते सांगतो.

१९९८ ची गोष्ट. टेंपल-टटल नावाचा धूमकेतू साधारण ३३ वर्षांनी सूर्याजवळ येतो, तो त्याच वर्षी येऊन गेला होता. त्यामुळे १७ नोव्हेंबरच्या मध्यरात्रीनंतर उल्का जोरात पडणार असा अंदाज होता. आमच्याकडे आठ दिवस तयारी. गच्चीवर चटया, थर्मास, चादरी (सोलापुरात त्यांना काय तोटा!).

अण्णा तेव्हा चिंचोळी एमआयडीसीत तिसऱ्या पाळीला होते. १७ ला सकाळी घरी आले आणि चपला काढता काढता म्हणाले, "पहाटे चहाला बाहेर आलो तर लई मोठमोठे तारे तुटत होते रे. एकाची रेघ धुरासारखी किती तरी वेळ तशीच!" मी बारावीतला शहाणा. पेपर पुढे केला. "अण्णा, ते आज रात्री आहे. तुम्ही विमान पाहिलं असेल." ते काही न बोलता आंघोळीला गेले.

त्या रात्री आम्ही पहाटेपर्यंत माना वर करून बसलो. विसेक बारीक रेघा दिसल्या, बस्स.

नंतर वाचलं, की त्या वर्षी तेजस्वी उल्का अंदाजाच्या सुमारे १६ तास आधीच येऊन गेल्या. धूमकेतूने १३३३ मध्ये मागे सोडलेली ती धूळ! अण्णांना सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे विमान नव्हतं तर."

शास्त्रज्ञांशी माझं भांडण नाही. धुळीचा प्रत्येक पट्टा वेगळा मोजून ॲशर आणि मॅकनॉट यांनी १९९९ ची वेळ काही मिनिटांच्या फरकाने बरोबर सांगितली होती. माझं भांडण 'वर्षाव' या शब्दाशी आहे. एरवीच्या वर्षी तासाला १०-१५ उल्का, त्याही गडद अंधारात आणि सिंह रास वर आल्यावर. हस्ताच्या पावसाकडे डोळे लावून बसणाऱ्या जिल्ह्यात वर्षाव म्हणून सांगायचं, मग लोक तासाभरात वैतागून खाली जाणार नाहीत तर काय?

आणि रात्री जागं कोण असतं? रातपाळीचे कामगार, वॉचमन, रात्रीच लाईट येते म्हणून ज्वारीला पाणी द्यायला गेलेला शेतकरी. आकाशात काय दिसलं हे त्यांना विचारायला कुणी जात नाही. मी तर घरातल्याच माणसाला खोटं पाडलं...

असो. यंदा मी १६ च्या पहाटेपासूनच जाणार आहे. चिंचोळीत आता दिवे फार झालेत, म्हणून मोहोळच्या बाजूला जरा पुढे, आतल्या रस्त्याला. अण्णांना गुडघ्यांमुळे गच्चीचा जिना चढवत नाही, त्यांना गाडीतून नेतोय. कुणी येणार असाल तर कळवा. चादर आपापली आणा.