माती नव्हे, नळ तपासा!

२०२० च्या मार्च महिन्यात करोनाच्या भयाने देशाची दारे लागली, तेव्हा कचेऱ्या, कारखाने आणि बाजार यांच्याबरोबर बालवाड्याही बंद झाल्या. त्याबद्दल कोणी तक्रार केली नाही, आणि त्या घटकेला तक्रारीचे कारणही नव्हते. परंतु पुढे दारे उघडू लागली तेव्हा ती कोणत्या क्रमाने उघडली, हे महाराष्ट्राने विसरू नये. उपाहारगृहे व मद्यगृहे ५ ऑक्टोबर २०२० रोजी उघडली. चित्रपटगृहे नोव्हेंबरात उघडली. दुसऱ्या लाटेत ती पुन्हा मिटली आणि पुन्हा उघडली. बालवर्गांना मात्र दार उघडण्याची परवानगी मिळाली ती २४ जानेवारी २०२२ रोजी! तीन वर्षांच्या मुलाच्या हिशेबाने हा काळ म्हणजे त्याचे अर्ध्याहून अधिक आयुष्य होय. ज्यांना मतदानाचा हक्क नाही आणि ज्यांची संघटना नाही, त्यांचा क्रम शेवटी लागतो, हा आमच्या सार्वजनिक जीवनाचा नियम त्या वेळीही अबाधित राहिला.

दार उघडल्यावर काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. मुले आत आली, पण ठिकठिकाणी वाळूच्या हौदावर ताडपत्री पडलेली होती. मातीचा डबा माळ्यावर गेला होता. रंगांच्या वाट्या कपाटात कुलूपबंद झाल्या होत्या आणि पाण्याची घमेली पालथी पडली होती. हात बरबटणारा प्रत्येक खेळ संशयित ठरला. मुलांनी हाताची घडी घालून, एकमेकांपासून दूर, भिंतीवरच्या चित्रांकडे बघत बसावे, यालाच आरोग्यरक्षण असे नाव मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. आणीबाणी संपली, परंतु तिने लावलेली खोड संपली असे म्हणवत नाही. अंगावर माती दिसली की पालक कपाळाला आठ्या घालतात, आणि त्या आठ्या टाळण्यासाठी बालवाडीचालक माती हद्दपार करतात. पुढची साथ केव्हा येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येणारच नाही असे मात्र कोणीही जाणता मनुष्य म्हणणार नाही. म्हणूनच हा प्रश्न शांततेच्या दिवसांत सोडवला पाहिजे. आग लागल्यावर विहीर खणण्यात काय अर्थ?

माती, वाळू, पाणी, कणीक आणि रंग यांचे खेळ म्हणजे मुलांना गुंतवून ठेवण्याचे साधन, अशी पुष्कळांची समजूत आहे. ती साफ चुकीची आहे. घट्ट माती मळताना बोटांत जे बळ येते, त्याच बळावर पुढे लेखणी धरली जाते. एका भांड्यातले पाणी दुसऱ्यात ओतताना कमी-जास्त, उथळ-खोल, भरलेले-रिकामे या कल्पना मुलाला हाताने कळतात. गणिताच्या पुस्तकात त्या फार पुढे भेटतात. दिवाळीत अंगणात मातीचा किल्ला रचणारे पोर उतार, पाया आणि तोल यांचे शास्त्र कोणी न शिकवता शिकत असते. शिवाय चार मुले एका वाळूत बसली की मागणे, देणे, भांडणे आणि पुन्हा जमवून घेणे हेही तेथेच घडते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षांचा काळ हा शिक्षणाचा पायाभूत स्तर मानला आणि खेळ हेच त्याचे माध्यम ठरवले. मग साथ आली म्हणून पायाच गुंडाळून ठेवायचा काय?

आता भयाचा विचार करू. ते निराधार होते असे आम्ही म्हणत नाही. मार्च २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात करोनाचा विषाणू प्लास्टिकवर ७२ तासांपर्यंत तग धरतो असे आढळले आणि जगभर लोक भाजी-किराणासुद्धा धुऊ लागले. परंतु शास्त्र तेथे थांबले नाही. एप्रिल २०२१ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्रांनी असे मत दिले की, दूषित पृष्ठभागाला एकदा हात लागल्याने संसर्ग होण्याचा संभव सर्वसाधारणपणे दहा हजारांत एकाहूनही कमी आहे. हा रोग मुख्यतः श्वासावाटे, कोंदट हवेतून पसरतो. याचा बालवाडीपुरता अर्थ असा की, बंद खिडक्यांच्या खोलीत स्वच्छ कपड्यांनी बसवलेली वीस मुले ही उघड्या अंगणात चिखल तुडवणाऱ्या वीस मुलांपेक्षा अधिक धोक्यात होती! आपण नेमके उलट केले. अंगण बंद केले आणि खोलीला फिनेल लावले. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हाच प्रकार.

याचा अर्थ हात धुण्याची गरज नाही असा मात्र कोणी काढू नये. करोना हा एकच रोग नाही. अतिसार, जंत, तसेच हातापायांवर व तोंडात फोड आणणारा लहान मुलांचा संसर्गजन्य ताप हे हातांच्या, भांड्यांच्या आणि खेळण्यांच्या वाटेने सहज फिरतात. पाच वर्षांपर्यंतच्या मुलांना मुखपट्टीची सक्ती करू नये, असे जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी ऑगस्ट २०२० मध्येच सांगितले होते. तेव्हा या वयाच्या मुलांसाठी राहते काय? मोकळी हवा, लहान गट आणि साबण-पाणी. साथीतला सारा बंदोबस्त या तिहींवर उभारावा लागतो.

हे अशक्य नाही. इंग्लंडमध्ये २० मार्च २०२० नंतर बालशाळा अत्यावश्यक सेवकांची व निराधार स्थितीतील मुले वगळता इतरांना बंद झाल्या. १ जूनपासून त्या पुन्हा उघडू लागल्या. तेथील शासनाने वाळू, चिखल आणि पाणी यांवर सरसकट बंदी घातली नाही. खेळापूर्वी व खेळानंतर मुलांनी नीट हात धुवावेत, साहित्य धुता किंवा बदलता येण्याजोगे असावे आणि एका गटाने वापरलेली साधने स्वच्छ करून वाळवल्यावाचून दुसऱ्या गटाच्या हाती जाऊ नयेत, अशी साधी पथ्ये सांगितली. याच देशात १९१४ साली मार्गारेट आणि रेचेल मॅकमिलन या भगिनींनी लंडनच्या डेप्टफर्ड या गरीब वस्तीत उघड्यावरची बालशाळा सुरू केली होती. कोंदट घरांतली रोगट मुले बागेत, उन्हात आणि वाऱ्यावर खेळावीत, त्यांना न्हाऊमाखू घालावे, हेच त्या शाळेचे शिक्षण होते. रोगाचे उत्तर म्हणूनच तेथे अंगण आले.

आणि परदेशाकडे तरी कशाला पाहावे? अंगणवाडी हा शब्द आज दिल्लीपासून गल्लीपर्यंत चालतो. त्यामागची कल्पना ताराबाई मोडक यांनी रुजवली. १९४५ साली ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे त्यांनी ग्रामीण बालशिक्षणाचे काम सुरू केले. अनुताई वाघ त्याच वर्षी त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे १९५७ पासून हे काम कोसबाडच्या टेकडीवर वाढले. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यावी, विकत आणलेल्या साहित्याऐवजी माती, पाने, बिया, शंख-शिंपले यांतून शिकवावे आणि अंगाची स्वच्छता हा पहिला पाठ मानावा, ही त्यांची रीत. माती आणि स्वच्छता यांत त्यांना विरोध दिसला नाही. मादाम माँटेसरी यांच्या पद्धतीत तर हात धुणे हाच मुलाने सावकाश, क्रमाने आणि आनंदाने करायचा एक उद्योग आहे. खेळ संपल्यावर धावतपळत उरकायचे ते काम नव्हे. पाच वर्षांच्या मुलाला पाण्याखाली हात धरून बोटांच्या बेचक्यांत फेस करताना पाहा. तोही त्याचा पाण्याचा खेळच असतो!

मग व्यवहारात करावे काय? मळण्याची माती सर्वांची एक नसावी. प्रत्येक मुलाला त्याचा गोळा आणि त्याच्या खुणेचा डबा असावा. कणकेचा गोळा रोज ताजा भिजवावा आणि दिवस संपताच टाकून द्यावा. कच्ची कणीक मुलांच्या पोटात जाऊ देऊ नये. पाण्याच्या खेळाला एकच मोठे टोपले ठेवण्याऐवजी लहान लहान भांडी द्यावीत आणि खेळ आटोपताच पाणी झाडांना घालावे. साचवलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास वाढतो, हे मुंबईकरांना सांगावयास नको. वाळूचा हौद उन्हाच्या जागी असावा, ती वरचेवर खालीवर करावी आणि रात्री झाकावी, नाही तर मांजरे तिचा भलताच उपयोग करतात. रंग प्रत्येकाच्या वाटीत वेगळा असावा. तोंडात गेलेले खेळणे तत्काळ वेगळ्या बादलीत जावे आणि साबणाने धुऊन उन्हात वाळावे. मुलांचे गट लहान असावेत, रोज तेच असावेत आणि त्यांची बाईही तीच असावी. ताप, जुलाब किंवा पुरळ असलेल्या मुलाला घरी ठेवावे. ज्या बाईंना ताप आहे त्यांनाही पगार न कापता घरी राहता आले पाहिजे.

जंतुनाशकांच्या बाबतीतही विवेक हवा. बाके आणि कठड्यांसाठी ५ टक्के तीव्रतेच्या सोडियम हायपोक्लोराइटच्या एका भागात ४९ भाग पाणी घातले की ०.१ टक्क्याचे द्रावण होते, आणि तेवढे पुरते. तेही आधी साबणाने मळ काढल्यावर, मुले जवळ नसताना आणि मोठ्यांच्याच हातून वापरावे. माणसांवर असली द्रावणे फवारण्याचा जो आचरटपणा २०२० मध्ये काही ठिकाणी झाला, तो मुलांच्या वाट्याला कधीही येऊ नये. मुलांच्या हातांना साबण आणि वाहते पाणी हेच उत्तम. मळलेल्या हातांवर मद्यार्कयुक्त द्रव नीट काम करत नाही, आणि मूल तो चाटण्याची भीती असते ती निराळीच.

येथवर सांगितलेले एकही काम अवघड नाही, खर्चिक तर मुळीच नाही. तरीही ते घडत नाही, कारण मूळ दुखणे मातीत नसून नळात आहे. साधा हिशेब करून पाहा. अंगणवाडीत २५ मुले आहेत. खेळापूर्वी, खेळानंतर, खाऊपूर्वी आणि शौचानंतर असे चारदा हात धुवायचे झाले आणि एका वेळेला पाऊण लिटर पाणी धरले, तर दिवसाला ७५ लिटर पाणी लागते. म्हणजे पंधरा लिटरच्या पाच बादल्या! एका मुलाने २० सेकंद साबण चोळायचा तर एका तोटीपाशी २५ मुलांच्या नुसत्या चोळण्यालाच आठ मिनिटांहून अधिक वेळ जातो. त्यात भिजवणे, धुणे आणि पुसणे आले की दोघा-तिघांची पाळी येईपर्यंत बाकीच्यांनी हात तोंडात घातलेले असतात. झोपडपट्टीतल्या भाड्याच्या एका खोलीत, जेथे नळ गल्लीच्या टोकाला आणि पाणी ठरावीक वेळेलाच येते, तेथे या पाच बादल्या कोणी आणायच्या? सेविकेने की मदतनीस बाईने? याच सेविका सप्टेंबर २०२० मध्ये ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ या मोहिमेत दारोदार ताप मोजत हिंडत होत्या. आता पाणीही त्यांनीच डोक्यावरून वाहावे आणि ते न जमल्यास मातीचा डबा माळ्यावर टाकावा, असा हा न्याय आहे. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचे याहून चोख उदाहरण शोधूनही सापडणार नाही.

मुलाची काळजी वाहणाऱ्या आईच्या भीतीची आम्ही थट्टा करत नाही. ज्या घरात एक दिवसाची मजुरी बुडाली की चूल थंडावते, तेथे मुलाचा ताप ही लहान गोष्ट नसते. त्या आईला आमचे एवढेच सांगणे आहे की, बालवाडीत शिरल्यावर मुलांचे कपडे मळलेत का हे पाहू नका. तेथे नळ आहे का, त्याला पाणी आहे का, साबण ओला आहे का आणि खिडक्या उघड्या आहेत का, हे पाहा. कोरडा साबण आणि कोरी पांढरी फरशी जेथे दिसेल तेथे स्वच्छता आहे असे समजू नका. तेथे कोणी हातच धुतलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ!

सरकारपाशी आणि महापालिकेपाशी आमचे मागणे स्पष्ट आहे. राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत. त्यांतील प्रत्येकीला मुलांच्या उंचीची एक आडवी नळी, तिला चार-पाच तोट्या, झाकणाची टाकी, सांडपाण्याला वाट आणि महिन्याचा साबण द्यावा. जेथे अंगण नाही तेथे जवळच्या उद्यानाचा किंवा शाळेच्या पटांगणाचा कोपरा सकाळी दोन तास या मुलांसाठी राखून ठेवावा. खासगी बालवर्गांना परवानगी देताना खोलीतल्या चित्रांऐवजी नळाच्या तोट्या मोजाव्यात. आणि पुढच्या साथीसाठी आजच लेखी ठरवून ठेवावे की, सार्वजनिक दारे उघडताना बालवाडीचा क्रम मद्यगृहाच्या आधी लागेल.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि ताराबाईंच्या अंगणवाडीचे नाव देशभर गेले. पन्नास वर्षांत नाव सर्वत्र पोहोचले. अंगण आणि पाणी मात्र मागेच राहिले. तेवढे जरी आता पोहोचवले, तरी पुढच्या साथीत मुलांच्या हातांतली माती हिसकावून घेण्याचा प्रसंग आपल्यावर येणार नाही.