दीडपट, पण कोणत्या खर्चाच्या?

खरिपाच्या १४ पिकांचे हमीभाव २८ मे २०२५ रोजी जाहीर झाले. सोयाबीनला ४३६ रुपयांची वाढ मिळून भाव क्विंटलमागे ५,३२८ वर गेला आणि ‘उत्पादन खर्चाच्या दीडपट’ हे वाक्य पुन्हा ऐकवण्यात आले. दोनच दिवसांनी, ३० मे रोजी, कच्च्या खाद्यतेलावरील मूळ आयात शुल्क २० टक्क्यांवरून १० टक्क्यांवर आणले गेले. एका हाताने भाव वाढवायचा आणि दुसऱ्या हाताने तो पाडणाऱ्या तेलाला वाट करून द्यायची, हे संतापजनक आहे. त्याहून संतापजनक आहे ते अर्धे सांगणे.

दीडपट कशाच्या? सरकारने तेव्हा सोयाबीनचा खर्च ३,५५२ रुपये धरला होता. त्यात बियाणे, खते, मजुरी आणि घरच्या माणसांचे राबणे येते. स्वतःच्या जमिनीचा खंड आणि गुंतवलेल्या स्थिर भांडवलाचे व्याज त्यात नाही. ते धरून निघणारा ‘सी२’ खर्च कृषिमूल्य आयोग दरवर्षी काढतो आणि आपल्या अहवालात छापतो. मंत्र्यांच्या तोंडी मात्र तो येत नाही. २०१८ च्या अर्थसंकल्पापासून हेच चालले आहे. आणि जाहीर झालेला भाव हाती पडतो का? २०२४ च्या हंगामात हमीभाव ४,८९२ होता, तरी मराठवाडा-विदर्भातल्या बाजार समित्यांत सोयाबीन त्याच्या बरेच खाली विकले गेले. ओलाव्याची मर्यादा १२ वरून १५ टक्के करायला नोव्हेंबर उजाडला. तोवर गरजवंताने माल अडत्याच्या काट्यावर घातला होता.

आंदोलकांनीही तपशिलात ढिलाई करू नये. स्वामिनाथन आयोगाने २००६ मध्ये ‘भारित सरासरी उत्पादन खर्चापेक्षा किमान ५० टक्के अधिक’ भावाची शिफारस केली होती. ‘सी२ अधिक ५० टक्के’ ही मागणी न्याय्य आहे, आमचा तिला पाठिंबा आहे. पण ती आयोगाचे शब्द म्हणून खपवली की विरोधकाला एकच चूक दाखवून सगळी मागणी झटकता येते.

तसाच तो ‘सहा टक्के’. हमीभाव फक्त सहा टक्के शेतकऱ्यांना मिळतो, असे हमीभावाचे समर्थक आणि विरोधक दोघेही बिनदिक्कत सांगतात. शांताकुमार समितीचा हा आकडा २०१५ चा आहे. त्यामागची पाहणी २०१२-१३ ची, आणि तीही सरकारी यंत्रणेला थेट गहू-भात विकणाऱ्यांपुरती. आजच्या सोयाबीन, तूर, कापूस उत्पादकाबद्दल तो काय सांगणार? तरी त्याच्यावर धोरणे रचली जातात.

चुकीच्या आकड्याची किंमत कोण मोजतो, हे २०२२ मध्ये दिसले. फेब्रुवारीत १,११३ लाख टन गव्हाचा अंदाज होता. जगाला धान्य पुरवू, अशी भाषा एप्रिलपर्यंत सुरू होती. मार्चच्या उष्णतेने दाणा आक्रसला, आधीच्या वर्षी ४३३ लाख टन असलेली सरकारी खरेदी १८८ लाख टनांवर आली आणि १३ मे रोजी एका अधिसूचनेने निर्यात बंद झाली. चांगल्या भावाच्या आशेने गहू घरात ठेवलेल्या शेतकऱ्याला अंदाज चुकवणाऱ्यांपैकी कोणी भरपाई दिली नाही. कृषी कायद्यांच्या वेळी तर माहितीच दडून राहिली. सर्वोच्च न्यायालयाने या कायद्यांवर नेमलेल्या समितीचा अहवाल मार्च २०२१ मध्ये सादर होऊनही बंद राहिला. कायदे मागे घेतल्यावर, मार्च २०२२ मध्ये, समितीचे सदस्य अनिल घनवट यांनी तो स्वतः खुला केला. तोवर वर्षभर देश ऐकीव माहितीवर भांडत होता.

सोयाबीन दरवर्षी बाजारात येते ऑक्टोबरमध्ये. त्याआधी केंद्राने प्रत्येक पिकाचे, सी२ धरून, दोन्ही खर्च हमीभावाच्या पत्रकातच शेजारी-शेजारी छापावेत. राज्याने खरेदी केंद्रांची यादी, बारदान्याची तजवीज आणि ओलाव्याची अट सप्टेंबरमध्येच जाहीर करावी. आवक, सरासरी दर आणि हमीभावाने घेतलेला माल, हे तीन आकडे लातूर, अकोला, वाशीमच्या बाजार समित्यांच्या फलकावर रोज लागले पाहिजेत.